वह्या वाटल्या, पुढं काय?

पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, गणपती, नाहीतर कुणाचा तरी वाढदिवस. आपल्या बीड जिल्ह्यात मंडळाच्या पोरांना समाजकार्यासाठी निमित्त कमी पडत नाही. पाचशे वह्या वाटल्या, दोनशे झाडं लावली, मुलगी वाचवा म्हणून रॅली काढली, बालविवाहावर पथनाट्य केलं. फोटो स्टेटसला पडले, कुणीतरी पेपरला बातमीही दिली. तुम्ही कॉलेजात असाल, एनएसएसमध्ये असाल, नाहीतर गावातल्या एखाद्या ग्रुपमध्ये असाल, तर यातलं काही ना काही तुम्हीही केलं असणार.

मग एक प्रश्न विचारायचाय, राग मानू नका. त्या पाचशे वह्यांमुळे नेमकं काय बदललं?

'पोरांना मदत झाली' हे उत्तर सगळेच देतात. पण कुठल्या पोरांना? वह्या नाहीत हीच त्यांची अडचण होती का? वही मिळालेलं पोरगं दिवाळीनंतर शाळेत होतं, की आईबापाबरोबर कारखान्यावर? एवढं विचारलं की ग्रुपमध्ये शांतता पसरते. आणि ती काही फक्त आपल्याच ग्रुपमध्ये पसरत नाही. मोठ्या संस्थांच्या बैठकीत आणि सरकारी योजनांच्या आढाव्यातही 'किती वाटलं' याचा आकडा पटकन सापडतो. 'त्यानं काय बदललं' याचा शोधावा लागतो.

म्हणणं साधं आहे. आपल्याकडे तळमळ कमी नाही, राबणारी पोरं-पोरी कमी नाहीत. कमी आहे ती मधली वाट सांगायची सवय. आज आपण जे करणार, त्यातून उद्या हवा तो बदल कसा होणार, हे काम सुरू करायच्या आधी एका कागदावर मांडायला हवं. आणि मांडून झालं की ते सगळ्यात आधी पैसे देणाऱ्याला नाही, तर ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांना समजावून सांगायला हवं. हे केलं नाही तर चांगल्या मनानं केलेलं कामही वाया जातं.

तर, कारण आणि पण

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात याला 'थिअरी ऑफ चेंज' म्हणतात. कॅरोल वाइस या अमेरिकेतल्या अभ्यासक. वस्तीपातळीवरच्या कार्यक्रमांचं मूल्यमापन एवढं अवघड का जातं, यावर त्यांनी १९९५ मध्ये लिहिलं आणि हा शब्द रुळला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की कार्यक्रम चालवणाऱ्यांच्या डोक्यात बदलाचं काहीतरी गणित असतंच, पण ते कधी नीट मांडलेलं नसतं. सुरुवात माहीत असते, शेवट माहीत असतो, मधल्या पायऱ्या धूसर असतात. मग कार्यक्रम फसला तर नेमका कुठं फसला, हे कुणालाच सांगता येत नाही.

नाव जड आहे, गोष्ट जड नाही. तीन शब्द लक्षात ठेवा : तर, कारण, पण.

'आम्ही हे केलं तर ते होईल. कारण अमुक. पण त्यासाठी तमुक असायला हवं.'

बस्स. प्रत्येक पायरीला हे तीन शब्द लावायचे. 'तर' लिहिणं सोपं असतं. 'कारण' लिहायला बसलं की आपल्याला लोकांचं जगणं किती माहीत आहे ते कळतं. आणि 'पण' लिहायला प्रामाणिकपणा लागतो, कारण तिथं आपल्या हातात नसलेल्या गोष्टी कबूल कराव्या लागतात.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊन बघू. कोयत्याचं.

प्रश्न एक, वाटा तीन

दसरा झाला की आपल्या वाड्यांवरून आणि तांड्यांवरून गाड्या भरायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. टोळी पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर थेट कर्नाटकात जाते, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. शाळेचं अर्धं वर्ष त्यात जातं. आईबाप पहाटे फडात गेले की थोरलं पोर कोपीवर धाकट्याला सांभाळतं. परत आल्यावर वर्गात मागं पडलेलं असतं. असं दोन-तीन वर्षं झालं की शाळा सुटते, आणि काही वर्षांनी त्याच पोराच्या हातात कोयता येतो.

ही मुलं शाळेत टिकावीत म्हणून महाराष्ट्रात निरनिराळे उपाय झाले. प्रश्न एकच, पण प्रत्येक उपायाचं गणित वेगळं आहे, ते बघा.

पहिला उपाय साखरशाळेचा. कारखान्याच्या आवारात, कोप्यांच्या जवळ शाळा भरवली तर मुलं शिकतील. कारण मूल आईबापाजवळच राहणार आहे, म्हणून शाळेनंच त्याच्यामागं जावं. पण? कोप्या एका जागी असायला हव्यात. टोळी लांबच्या फडावर हलली की शाळा लांब पडते. धाकट्या भावंडाला सांभाळायची सोय हवी, नाहीतर थोरली बहीण शाळेच्या दारापर्यंतही पोचत नाही. आणि साखरशाळेत शिकलेलं गावच्या शाळेनं धरायला हवं.

दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा. आईबाप गेले तरी मुलाची गावातच राहायची, जेवायची सोय केली तर त्याची शाळा सुटणार नाही. कारण मूल जातं ते घरी बघायला कुणी उरत नाही म्हणून. पण? ही सोय टोळी निघायच्या आधी सुरू व्हायला हवी. गाड्या दसऱ्यानंतर हलल्या आणि वसतिगृह डिसेंबरात उघडलं, तर कागदावर योजना झाली आणि पोरगं मात्र कधीच गेलं. शिवाय रात्री लक्ष द्यायला कुणीतरी भरवशाचं माणूस हवं. मुलगी असेल तर हा 'पण' दहापट मोठा होतो.

तिसरा उपाय शिक्षण हमी कार्डाचा. स्थलांतर करणाऱ्या मुलाला कार्ड दिलं तर तो जिथं जाईल तिथल्या शाळेत बसू शकेल. कारण वाटेत आड येतो तो दाखला आणि कागदपत्रं. पण? तिथली शाळा कोपीपासून चालत जाण्याइतकी जवळ हवी, आईबापाला फडातून सवड हवी. आणि टोळी कर्नाटकात गेली असेल तर तिथल्या गावची शाळा बहुतेक कन्नड असणार.

यातला कुठलाही उपाय मूर्खपणाचा नाही. प्रत्येकामागं कुणाची तरी तळमळ आहे. पण कुठला उपाय कुठल्या मुलासाठी चालेल, हे 'पण' तपासल्याशिवाय कळत नाही. आजी घरी आहे अशा मुलासाठी एक उत्तर, कुणीच मागं नाही अशा मुलीसाठी दुसरं. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी उभं केलेलं 'शांतिवन' बघा. त्यांनी मुलांना वर्षभर ठेवून घेण्याचा मार्ग धरला. त्याचं गणित आणखी वेगळं, खर्चही वेगळा.

आता आपल्या वह्यांकडे या. वही दिली तर मूल शिकेल, कारण... कारण काय? वही नव्हती म्हणून ते शाळा सोडत होतं? तसं असेल तर वह्या जरूर वाटा. नसेल तर आपण भलत्याच कुलपाला किल्ली लावतोय.

'कारण' चुकलं की सगळं चुकतं

बालविवाहाचं घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९ टक्के. आपण राज्याच्या दुप्पट. यावर आपण काय करतो? पथनाट्य, व्याख्यान, शपथ, भिंतीवर घोषणा.

या सगळ्यामागं एक न लिहिलेलं 'कारण' दडलंय : लोकांना माहीत नाही, म्हणून ते असं करतात. एकदा सांगितलं की थांबतील.

खरंच माहीत नाही का? कुठल्याही वाडीवर जाऊन विचारा. अठराच्या आत लग्न गुन्हा आहे, हे बहुतेक आईबापांना ठाऊक असतं. म्हणूनच तर लग्न गुपचूप उरकतात, पत्रिका छापत नाहीत. अडचण दुसरीकडे आहे. सहा महिने आईबाप कारखान्यावर असताना तेरा-चौदा वर्षांची मुलगी कुणाजवळ ठेवायची? सोबत न्यावी तर कोपीला दार नाही. मागं ठेवावी तर गावात भरवशाचं कोण? त्यात गावची शाळा सातवीला नाहीतर दहावीला संपते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण वाडीवर एसटीच येत नसेल तर पास घेऊन काय करणार? आणि जोडीनं कोयता धरायची रीत असल्यामुळे लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो, नवी उचल मिळते. हे सगळं एका आईच्या डोक्यात एकाच वेळी चालू असतं. तिच्यासमोर आपण 'मुलगी शिकली, प्रगती झाली' म्हणून नाचून येतो. ती टाळ्याही वाजवते. आणि वैशाखात लग्न लागतं.

पथनाट्य वाईट म्हणून हे होत नाही. आपलं 'कारण' चुकलेलं असतं म्हणून होतं. माहिती नसणं हे कारण असेल तर माहिती देणं हा उपाय. पर्याय नसणं हे कारण असेल तर पर्याय देणं हाच उपाय. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आणली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं, एक मुलींचं. हे गणित पर्यायाचं आहे. मग तुमच्या ग्रुपनं काय करायचं? पथनाट्याची तालीम करण्याआधी एवढं तरी शोधा, की आपल्या तालुक्यातलं मुलींचं वसतिगृह कुठं आहे, सुरू आहे का, जागा किती, अर्ज कधी आणि कसा करायचा, आणि आपल्या वाडीवरच्या किती घरांना हे माहीत आहे. इथं माहिती द्यायचं काम खरंच आहे, फक्त ती वेगळी माहिती आहे.

नियमानं काय थांबतं, काय थांबत नाही

२०१९ मध्ये बीड जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं ते ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहातली एक. खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचं बंधन आलं.

या नियमाला आपले तीन शब्द लावा. परवानगीची अट घातली तर गरज नसलेल्या शस्त्रक्रिया कमी होतील, कारण डॉक्टरवर कुणाची तरी नजर राहील. हे पटतं. असा नियम हवाच होता. पण बाई दवाखान्यापर्यंत का जाते, याचं उत्तर या गणितात नाही. फडावर संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत पाणी नाही, विश्रांती नाही. एक दिवस खाडा झाला तर मजुरी तर जातेच, वरून दंड बसतो. पोट दुखतं, अंगावरून जातं, तरी मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. रोजचं हे दुखणं एकदाचं मिटावं म्हणून ती पोटावर पट्टी बांधून घ्यायला तयार होते. नियम शेवटच्या दाराला कुलूप लावतो. त्या दारापर्यंत आणणारी वाट तशीच राहते.

म्हणून नियम नको असं नाही. नियमानं नेमकं किती होणार, हे आधी माहीत असलं तर उरलेल्या कामाचा विसर पडत नाही. नाहीतर होतं काय, की आदेश निघाला, आता प्रश्न सुटला असं समजून सगळे घरी जातात. आणि बाई खाडा नको म्हणून दुखणं अंगावर काढत राहते.

वाट बदलणं म्हणजे हरणं नाही

आता एक वेगळी गोष्ट. २०१६ चा उन्हाळा आठवतोय? आपल्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. राज्यातले तीन तालुके निवडले होते : वरुड, कोरेगाव आणि आपलं अंबाजोगाई. गणित स्पष्ट होतं. गावातल्या माणसांना पाणलोटाचं शास्त्र शिकवलं तर ते श्रमदानानं बांध, चर, शेततळी करतील. पाऊस पडला की पाणी अडेल, मुरेल. कारण गावाला कमी पडतंय ते ज्ञान आणि एकी.

बऱ्याच गावांत पाणी अडलं, मुरलं. मग पुढचा 'पण' समोर आला. विहिरीला पाणी आलं की शेतात काय लावायचं? ऊसच लावला तर? चार बोअर आणखी पाडले तर? अडवलेलं पाणी दोन वर्षांत उपसून संपणार. म्हणजे पाणी अडवणं ही पायरी होती, मुक्काम नव्हता. चार वर्षांनी, २०१९ नंतर, फाउंडेशननं वॉटर कप थांबवला आणि समृद्ध गाव स्पर्धा आणली. त्यात पाण्याचं अंदाजपत्रक, मातीचा कस, गवताळ कुरणं, झाडं, शेतकऱ्याचं उत्पन्न असे विषय आले. पुढं २०२२ पासून फार्मर कपमध्ये शेतकऱ्यांच्या गटशेतीवर भर आला.

तुम्ही त्यांचे चाहते असा की टीकाकार, एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गाजलेला कार्यक्रम चालू ठेवणं सोपं असतं. 'आपल्या गणितात पुढची पायरी राहिली' असं म्हणून तो बदलणं अवघड. आणि पायऱ्या आधी स्पष्ट असतील तरच कुठली राहिली ते दिसतं.

आधी बघा, मग करा

'एवढा विचार करत बसलो तर काम कधी करायचं?' हा प्रश्न येणारच. रास्त आहे. त्याला उत्तर गडचिरोलीतून मिळतं.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांचे मृत्यू रोखायचं ठरवलं, तेव्हा पहिलं वर्ष, १९९५-९६, ३९ गावांत बाळं नेमकी कशानं आजारी पडतात आणि मरतात, हे बारकाईनं बघण्यात घालवलं. जन्मतः श्वास न घेणं, जंतुसंसर्ग, कमी वजन, अंग गार पडणं. मग त्यातलं काय गावातली थोडं शिकलेली बाई घरी जाऊन करू शकेल, ते ठरवलं. आरोग्यदूत तयार केल्या. तिसऱ्या वर्षी, जिथं हे काम नव्हतं अशा गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, त्या सरकारी कार्यक्रमाचं मूळ या कामात आहे.

तुम्हाला वर्षभर थांबायची गरज नाही. दोन आठवडे पुरे. पण ते दोन आठवडे वह्यांचं कोटेशन आणण्यात नाही, घरोघरी बसून ऐकण्यात घालवा.

आणि हेही खरं, की प्रत्येक कामाला नकाशा लागत नाही. पूर आला, आग लागली, टँकर यायचा थांबला, तर आधी जेवण आणि पाणी पोचवा. मदतीला 'थिअरी' विचारू नये. पण तुम्ही 'बदल घडवतोय' असं म्हणालात, बॅनरवर तसं लिहिलंत, की मग 'कसा?' हे विचारायचा हक्क समोरच्याला मिळतो.

आठजणांचा ग्रुप असेल तर

समजा, तुमचं गाव धारूर, वडवणी नाहीतर पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात आहे. तुम्ही आठजण आहात. खिशात वर्गणीचे थोडे पैसे आहेत. पाचशे वह्या विसरा. एकच वाक्य ठरवा : 'आपल्या वस्तीवरून यंदा जाणाऱ्या टोळ्यांमधली पाचवी ते आठवीतली मुलं एप्रिलमध्येही आपल्याच शाळेत बसलेली असतील.' मुलं कदाचित चौदाच भरतील. भरू द्या.

आता मागं मागं या. एप्रिलमध्ये ती शाळेत असायची तर जानेवारीत असायला हवीत, कारण संक्रांतीच्या सुमारास आईबाप नाहीतर नातेवाईक भेटायला आले की मूल त्यांच्याबरोबर निघून जाऊ शकतं. जानेवारीत असायची तर दसऱ्याला गाडीत चढायला नकोत. दसऱ्याला थांबायची तर रात्री झोपायचं कुठं, दोन वेळचं कोण करणार, आजारी पडलं तर कोण नेणार, रेशन कोण आणणार, हे सप्टेंबरातच ठरायला हवं. म्हणजे तुमचं काम पंधरा ऑगस्टचा झेंडा उतरला की सुरू होतं. पहिलं काम, यादी. दुसरं काम, त्या चौदा घरांत बसणं. तिसरं, शाळेच्या हेडसरांकडे जाऊन हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, ते विचारणं.

मग प्रत्येक पायरीला 'पण' लावा. आजी तयार आहे, पण तिला डोळ्यांनी दिसत नाही. वसतिगृह आहे, पण मुलींसाठी बाई नाही. मुलगा थांबायला तयार आहे, पण धाकट्याला सांभाळायला त्यालाच न्यायचंय. यातले काही 'पण' तुम्ही आठजण सोडवू शकता, जसं की संध्याकाळी अभ्यासाला आळीपाळीनं बसणं, दर रविवारी आईबापाशी फोनवर बोलणं करून देणं. काही सरपंचांकडे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे न्यावे लागतील. काही सुटणारच नाहीत. ते लपवू नका, कागदावर ठेवा.

आणि मोजायचं काय? किती वह्या, किती फोटो, ते नाही. दर महिन्याच्या शेवटी हजेरीपटावर चौदापैकी किती? एखादा गेला तर का गेला? ते 'का' लिहून ठेवलंत, तर पुढच्या वर्षीचं तुमचं गणित यंदापेक्षा बरं असेल.

समजावायचं कुणाला?

इथं माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. कंपनी कायद्यातल्या तरतुदीनुसार २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यामुळे गावाकडच्या संस्थांनाही आता चौकटी-बाणांचे तक्ते भरायची सवय लागलीय. त्यातले काही तक्ते फक्त पैसे देणाऱ्याला खूश करायला केलेले असतात. भाषा अशी, की ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना त्यातलं अक्षर कळू नये. कागद चकचकीत, आणि 'पण'चा रकाना मोकळा, कारण तो भरला तर पैसे मिळणार नाहीत अशी भीती.

तुमचा कागद खरा आहे की नाही, हे तपासायची एक सोपी रीत आहे. तो टोळीला जाणाऱ्या एखाद्या मावशीला तिच्या ओट्यावर बसून, तिच्या बोलीत सांगा. 'आम्ही हे हे करणार, त्यानं असं असं होईल असं आम्हाला वाटतंय. मावशी, हे कुठं फसेल सांगा.' पहिल्यांदा त्या म्हणतील, 'चांगलंच करताय की बाबांनो.' तिथं उठू नका. चहा घ्या, पुन्हा विचारा. मग त्या सांगतील, 'समदं बरं हाय, पर रातच्याला लेकरू रडलं तर?' तुमच्या तक्त्यात हा रकानाच नसेल. तो आता घाला.

असं विचारल्यानं दोन गोष्टी होतात. एक, तुमचा कागद सुधारतो. दुसरी त्याहून मोठी, मावशीला तुमचं गणित कळलेलं असतं. मग डिसेंबरात ठरलेलं झालं नाही तर कारखान्यावरून फोन करून ती तुम्हाला जाब विचारू शकते. वही घेणाऱ्या माणसाला जाब विचारता येत नाही, त्याला फक्त आभार मानावे लागतात. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी उचल देणाऱ्यांचे, मतं मागणाऱ्यांचे, फोटो काढणाऱ्यांचे आभार पुष्कळ मानले. निदान त्यांच्याच पोरांच्या वयाच्या ग्रुपनं त्यांना प्रश्न विचारायची जागा द्यावी.

यात फोटो कमी निघतील. चौदा मुलं एप्रिलमध्ये वर्गात बसलेली आहेत, याची बातमी होत नाही. होऊ नये असंच ते साधं आहे. पण त्या चौदातली एखादी मुलगी दहावीला गेली आणि तिच्या नावावर कुणी उचल घेतली नाही, तर ते कशामुळे झालं हे तुम्हाला पायरी-पायरीनं सांगता येईल. नाही झालं, तर कुठं अडलं हेही सांगता येईल.

यंदाच्या टोळ्या ठरायला वेळ लागणार नाही, मुकादमांचे फोन लवकरच सुरू होतील. त्यांच्या आधी तुमची यादी तयार व्हायला हवी. घ्या वही.